चावीच्या ग्रामोफोनचे कूळ आणि काळ कसा ओळखावा

चावी भरून चालणारा ग्रामोफोन विकायला निघाला की त्याचे वय हमखास "शंभर वर्षांच्या वर" सांगितले जाते, आणि तो घरातलाच असेल तर "पणजोबांच्या वेळचा" असतो. या विधानांना आधार विचारला, तर पितळी कर्ण्याकडे आणि कुत्र्याच्या चित्राकडे बोट दाखवले जाते. आणि नेमक्या याच दोन गोष्टी काळ ठरवण्याच्या कामी सर्वांत कमी उपयोगाच्या आहेत. सुदैवाने १८९५ ते १९३० या काळात तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांची रचना इतक्या वेळा आणि इतक्या ठळकपणे बदलली, की ठरावीक क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक अस्सल यंत्रांचा काळ काही वर्षांच्या पट्ट्यात आणता येतो. पुढील विवेचन फक्त तबकडीच्या यंत्रांविषयी आहे. मेणाच्या नळकांड्या वाजवणाऱ्या यंत्रांची तपासणी वेगळ्या अंगाने करावी लागते.

सगळ्या तपासणीचा पाया एकच आहे. यंत्राचा प्रत्येक भाग "मी अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही" एवढेच सांगतो. तो नंतर कधीही बसवलेला असू शकतो. त्यामुळे यंत्राचा काळ त्याच्या सर्वांत जुन्या दिसणाऱ्या भागावरून ठरवायचा नसतो, तर मूळ यंत्राचेच आहेत अशी खात्री पटलेल्या भागांपैकी जो सर्वांत अलीकडचा असेल, त्यावरून ठरवायचा असतो. म्हणूनच निम्मे काम सालांचे, आणि निम्मे काम हे भाग पहिल्यापासून एकमेकांबरोबर होते की नाहीत हे पाहण्याचे असते.

तपासणीपूर्वीची तयारी

जवळ एक चांगली टॉर्च, भिंग, मोजपट्टी, लहान चुंबक आणि खाचेत नेमके बसतील असे दोन-तीन मापांचे चपट्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर असावेत. सैल बसणारा स्क्रूड्रायव्हर जुन्या स्क्रूची खाच फाडतो, आणि अखंड खाच हा स्वतःच एक पुरावा असतो, हे ध्यानात ठेवावे. आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नये. पितळ घासून चकचकीत करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा, कारण धातूवर चढलेला काळपटपणा आणि एखाद्या हरवलेल्या भागाखाली राहिलेली उजळ जागा यांवरूनच पुष्कळदा मूळ रचना कळते.

यंत्र उघडण्यापूर्वी स्प्रिंग पूर्णपणे उतरलेली असणे अत्यावश्यक आहे. ब्रेक सोडून तबकडी ठेवायची थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावी आणि मगच चावीचे हँडल काढावे. स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असताना गव्हर्नर (थाळीचा वेग स्थिर राखणारा भाग) किंवा दात्यांची चाके सोडवली, तर स्प्रिंगचे नळकांडे क्षणात उलटे फिरते आणि बोटांना गंभीर इजा होऊ शकते. स्प्रिंगचे नळकांडे काळ ठरवण्यासाठी कधीच उघडावे लागत नाही. ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

सुई खालीवर हलते की आडवी

पहिला प्रश्न यंत्र कोणत्या जातीची तबकडी वाजवण्यासाठी बनले होते, हा असतो. तबकडीच्या ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर यांच्या पद्धतीत तबकडीवरची खाच डावी-उजवीकडे नागमोडी असते, आणि व्हिक्टर, ग्रामोफोन कंपनी, कोलंबिया, ओडियन या साऱ्यांची नेहमीची यंत्रे याच पद्धतीची आहेत. अशा यंत्रात साउंडबॉक्सचा, म्हणजे सुईची थरथर आतल्या पडद्याने आवाजात बदलणाऱ्या डबीचा, गोल चेहरा बाजूकडे वळलेला असतो आणि पोलादी सुई एका छोट्या स्क्रूने आवळलेली असते.

एडिसन यांची डायमंड डिस्क यंत्रे मात्र १९१२ साली बाजारात आली आणि १९२९ पर्यंत चालली. त्यांच्या तबकड्या सुमारे पाव इंच जाडीच्या असत, खाच खोलीच्या दिशेने खालीवर होई आणि ती वाचण्यासाठी कायमचा बसवलेला हिऱ्याचा काटा असे. या यंत्रात साउंडबॉक्सच्या जागी असलेल्या ध्वनिग्राहकाचा चेहरा तबकडीला समांतर असतो, त्याच्या पोटाखाली वजन लोंबते आणि खाचेने ओढून न नेता दात्यांची योजना कर्ण्यासकट सगळा भाग तबकडीवरून पुढे सरकवते. ही सरकती योजना दिसली की यंत्र एडिसनचे आहे, हे ओळखायला कंपनीच्या नावाची पट्टी वाचावी लागत नाही. त्यावर नेहमीची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी कधीही ठेवू नये. हिरा ती खरवडून काढतो.

फ्रान्सच्या पाथे कंपनीची यंत्रेही खालीवर खाचेची होती, पण त्यांत गोल टोकाचा नीलमणी वापरला जाई, आणि त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या आतून बाहेर वाजत. काही कंपन्यांनी दोन्ही जातींच्या तबकड्या वाजवता याव्यात म्हणून फिरवता येणारे साउंडबॉक्स बसवले. अमेरिकेतील ब्रन्सविकचा अल्टोना हा त्याचा प्रसिद्ध नमुना. साउंडबॉक्स अशा रीतीने वळवता येत असेल, तर यंत्र १९१०च्या दशकातील किंवा त्यानंतरचे असण्याची शक्यता फार मोठी असते.

धातूची पट्टी आणि पेटीवरील चित्र

यानंतर पेटीवर किंवा थाळीच्या बाजूला बसवलेली धातूची पट्टी वाचावी. तिच्यावर कंपनीचे नाव, नमुन्याचे नाव, क्रमांक आणि पेटंटच्या तारखा असतात. पेटंटच्या तारखांनी पुष्कळांची फसगत होते. पट्टीवर १८९५ पासूनच्या तारखांची रांग असते आणि त्यांतली पहिलीच तारीख यंत्राचे जन्मसाल म्हणून सांगितली जाते. वास्तविक कंपनी लागू असलेली सर्व पेटंटे अनेक वर्षे छापत राही. म्हणून रांगेतील सर्वांत शेवटची तारीख शोधावी. यंत्र त्या तारखेनंतरचे आहे, इतकाच त्याचा अर्थ.

कंपनीचे नाव याहून जास्त बोलके असते. ब्रिटनमध्ये ग्रामोफोन कंपनी १८९८ साली लंडनला स्थापन झाली. १९००च्या अखेरीस तिने टंकलेखन यंत्रांचाही व्यापार हाती घेतला आणि नाव 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड' असे केले. १९०७ मध्ये टाइपरायटर हा शब्द पुन्हा गळाला. त्यामुळे पट्टीवर हा शब्द असेल आणि पट्टी मूळची असेल, तर सात वर्षांचा पट्टा हाती येतो. १९३१ साली ही कंपनी ब्रिटनमधील कोलंबियाबरोबर एकत्र होऊन ईएमआय झाली, म्हणून त्या नावाचा उल्लेख असलेला कोणताही भाग त्यानंतरचाच समजावा. अमेरिकेत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी ऑक्टोबर १९०१ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे स्थापन झाली आणि १९२९ मध्ये आरसीएने ती विकत घेतली. तेव्हा 'आरसीए व्हिक्टर' असे जोडनाव दिसले की काळ आपोआप पुढे सरकतो.

आता कुत्र्याविषयी. फ्रान्सिस बरो यांनी आपल्या निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र आधी नळकांडीच्या यंत्रासह रंगवले होते. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी त्यात तबकडीचे यंत्र रंगवून दिले आणि कंपनीने चित्र व त्याचे हक्क मिळून १०० पौंडांना घेतले. अमेरिकेत व्हिक्टरने ते अगदी सुरुवातीपासून वापरले. ग्रामोफोन कंपनीच्या ब्रिटनकडील तबकड्यांवर मात्र आधी पिसाने खाच कोरणारा देवदूत असे आणि १९०९च्या सुमारास कुत्र्याने त्याची जागा घेतली. देवदूताचे मूळ चित्र असलेले यंत्र म्हणून जास्त जुने असण्याचा संभव असतो. कुत्र्याचे चित्र पुढे कित्येक दशके वापरात राहिल्याने त्याच्यावरून काळाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, आणि त्याची नवी पितळी पट्टी आज कुठेही विकत मिळते.

एक भौगोलिक बाबही लक्षात घ्यावी. व्हिक्टर आणि ग्रामोफोन कंपनी यांनी जगाची बाजारपेठ वाटून घेतली होती आणि भारत ग्रामोफोन कंपनीकडे होता. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या किंवा कोकणातल्या जुन्या घरात व्हिक्टरचे यंत्र सापडणे अशक्य नसले तरी अपवादात्मक आहे, आणि ते कोणी कुठून आणले याची चौकशी करणे योग्य ठरते. मात्र ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रांचे कितीतरी भाग व्हिक्टरचे संस्थापक एल्ड्रिज जॉन्सन यांच्या कॅम्डेनच्या कारखान्यातूनच येत, म्हणून ब्रिटिश पट्टी आणि अमेरिकी घडणीची स्प्रिंगची मोटर एकत्र दिसली तर लगेच संशय घेऊ नये.

व्हिक्टरच्या यंत्रांच्या बाबतीत पट्टीवरील नावाची पद्धतही उपयोगी पडते. सुरुवातीच्या यंत्रांना ई, एम, डी अशी अक्षरे असत. मग बाहेरच्या कर्ण्याच्या यंत्रांना रोमन आकडे आले. पेटीतच कर्णा असलेल्या व्हिक्ट्रोलांच्या आकड्याआधी 'व्हीव्ही' ही अक्षरे आली. १९२०च्या दशकाच्या आरंभी रोमन आकड्यांच्या जागी साधे आकडे वापरले जाऊ लागले. क्रमांकापुढील ए, बी, सी ही अक्षरे त्या नमुन्यात झालेल्या रचनेच्या फेरफारांची असतात. क्रमांकाची मालिका प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र असल्यामुळे दोन वेगवेगळ्या नमुन्यांचे क्रमांक एकमेकांशी ताडून कोणते आधीचे हे ठरवू नये.

आवाजाची वाट

माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सर्वांत विश्वासार्ह भाग हाच आहे. साउंडबॉक्समधून निघालेला आवाज कोणत्या मार्गाने खोलीत येतो हे पाहावे, कारण पेटी, मोटर आणि कर्णा या तिन्हींची रचना त्या मार्गावर अवलंबून असते आणि तो नंतर बदलायचा म्हटले तरी खुणा राहतात.

सर्वांत जुन्या यंत्रांत साउंडबॉक्स थेट कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला जोडलेला असतो आणि पेटीपासून पुढे आलेला लाकडी किंवा धातूचा दांडा कर्ण्याचे वजन पेलतो. निपरच्या चित्रातले यंत्र याच जातीचे आहे. तबकडी वाजत असताना कर्णाही तिच्याबरोबर सरकतो, म्हणजे साऱ्या कर्ण्याचा भार सुई आणि खाच यांच्यावर येतो. १९०३ साली व्हिक्टरने यावर उत्तर काढले: कर्णा मागच्या बाजूच्या ओतीव धातूच्या कंसावर स्थिर केला आणि साउंडबॉक्सपासून मागे रुंद होत जाणारी पोकळ नळी, म्हणजे निमुळता टोनआर्म, त्या कंसात फिरता ठेवला. असा टोनआर्म दिसला की यंत्र १९०३ किंवा त्यानंतरचे. उलट थेट जोडलेला कर्णा असेल आणि बाकीचे भाग त्याच्याशी जुळत असतील, तर ते यंत्र त्या सुमाराचे किंवा त्याआधीचे धरण्यास हरकत नाही. लहान मुलांसाठीची पत्र्याची स्वस्त यंत्रे मात्र यातून वगळावीत.

कर्ण्याचा आकारही याच क्रमाने बदलला. आरंभीचे कर्णे सरळ शंकूसारखे, बहुधा काळ्या रंगाच्या पत्र्याचे आणि तोंडाशी पितळी घंटेचा भाग असलेले असत. १९०४-०५ पासून पाकळ्यांचा, फुलासारखा उमललेला आणि रंगवलेला पत्र्याचा कर्णा लोकप्रिय झाला. त्याच काळात ओक आणि महोगनीच्या पातळ पट्ट्यांचे लाकडी कर्णेही महाग यंत्रांवर येऊ लागले. येथे चुंबक उपयोगी पडतो. मूळच्या पाकळ्यांच्या कर्ण्यांपैकी फार मोठा भाग पोलादी पत्र्याचा होता, त्याला चुंबक चिकटतो.

१९०६ साली व्हिक्टरने कर्णा उलटा वळवून पेटीच्या आत नेला आणि त्याला व्हिक्ट्रोला हे नाव दिले. बाहेर कर्णा नाही, समोर दोन छोटी दारे किंवा झडपा आहेत आणि त्या उघडल्यावर आवाज मोठा होतो, असे यंत्र १९०६ नंतरचे. कोलंबियाची ग्राफोनोला १९०७ मध्ये आली. टेबलावर ठेवायचे, दिसायला साधे आणि किमतीला परवडणारे व्हिक्ट्रोला १९०९ ते १९११ या काळात आले आणि ते पुढे अनेक वर्षे बनत राहिले. बाहेरच्या कर्ण्याची यंत्रे मात्र त्यानंतरही बंद पडली नाहीत. ब्रिटनमध्ये ती १९२०च्या दशकातही मिळत होती, आणि ईएमजी या लहान ब्रिटिश कारखान्याने तर कागदाच्या लगद्याचे प्रचंड कर्णे असलेली, हाताने बनवलेली यंत्रे १९३०च्या दशकात काढली. म्हणून बाहेर कर्णा आहे एवढ्यावरून यंत्र १९१०च्या आधीचे ठरत नाही.

१९२५ हे वर्ष या साऱ्या इतिहासातील मोठी सीमारेषा आहे. त्या वर्षी मायक्रोफोन वापरून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि त्या तबकड्यांतील खर्ज व वरचे सूर जुन्या यंत्रांना पेलेनात. नोव्हेंबर १९२५ मध्ये व्हिक्टरने ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला आणली. तिच्यात गणिताने ठरवलेल्या प्रमाणात रुंदावत जाणारा, घड्या घालून पेटीत बसवलेला लांब कर्णा होता. ग्रामोफोन कंपनीने त्याच तत्त्वावरची, आवाज आत वळवून पुन्हा बाहेर आणणारी यंत्रे १९२७ मध्ये काढली. पेटीची जाळी काढून आत पाहावे: जुन्या यंत्रात आखूड, एकाच वळणाचे पोकळ लाकडी किंवा लोखंडी तोंड दिसते, तर १९२५ नंतरच्या चांगल्या यंत्रात आवाजाची वाट दुभंगून मागे फिरलेली दिसते.

साउंडबॉक्स

साउंडबॉक्सवर नाव आणि क्रमांक ठळक असतात, त्यामुळे लोक प्रथम तेच वाचतात. पण तो एका हिसक्यात निघतो आणि दुसरा बसतो. हौशी मालकांनी आवाज सुधारावा म्हणून तो त्या काळीच बदललेला असतो. म्हणून त्याच्या साक्षीला कमी वजन द्यावे.

पडदा कशाचा आहे ते पाहावे. अभ्रकाचा, किंचित पारदर्शक पडदा १९२५ पूर्वीच्या यंत्रांची सर्वसाधारण खूण आहे, जरी स्वस्त यंत्रांत तो पुढेही राहिला. घड्यांची किंवा घुमटाकार उठाव दिलेली ॲल्युमिनियमची चकती १९२५ नंतरची. व्हिक्टर आणि ग्रामोफोन कंपनी यांच्या यंत्रांवर 'एक्झिबिशन' हा साउंडबॉक्स बरीच वर्षे चालला. व्हिक्टरने १९१०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी 'नंबर २' आणला. ग्रामोफोन कंपनीच्या ब्रीफकेससारख्या मिटणाऱ्या प्रवासी पेट्यांवर ४, ५ए, ५बी आणि १६ असे क्रमांक आढळतात. १९२०च्या दशकात साउंडबॉक्सचे आवरण आणि टोनआर्म जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूत ओतले जाऊ लागले. हा धातू काळाने फुगतो आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे पडते. अशा भेगा पडलेला भाग दुरुस्तीच्या दृष्टीने वाईट, परंतु तो काल-परवा ओतलेला नाही याची ती चांगली ग्वाही असते.

थाळी आणि मोटर

थाळीचा व्यास मोजावा. बर्लिनर यांच्या तबकड्या ७ इंची होत्या, १० इंची तबकडी १९०१ मध्ये आणि १२ इंची १९०३ मध्ये आली. तबकडी थाळीपेक्षा मोठी असली तरी वाजते, त्यामुळे लहान थाळी नंतरच्या स्वस्त यंत्रांतही असते. परंतु मूळची १० किंवा १२ इंची थाळी असेल तर यंत्र त्या मापाच्या तबकडीच्या आधीचे क्वचितच असेल.

थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचलून काढावी आणि मोटर बसवलेल्या फळीचे स्क्रू सोडून ती उलटी करावी. हाताने सतत फिरवावी लागणारी, स्प्रिंग नसलेली यंत्रे बर्लिनर यांच्या अगदी आरंभीच्या काळातील असून ती अत्यंत दुर्मिळ आहेत. जॉन्सन यांनी स्प्रिंगची मोटर १८९६ मध्ये तयार केली. त्यानंतर स्प्रिंगांची संख्या यंत्राच्या किमतीनुसार एक, दोन किंवा तीन अशी असे, म्हणून तिच्यावरून काळाऐवजी यंत्राचा दर्जा कळतो. मोटरवर 'थोरेन्स' किंवा 'पेलार्ड' असे नाव असेल तर ती स्वित्झर्लंडची. या मोटरी अनेक देशांतील अनेक कंपन्या विकत घेत असत, त्यामुळे पेटीवरचे नाव आणि मोटरीवरचे नाव वेगळे असणे स्वाभाविक आहे. वेग ठरवण्याच्या पट्टीवर ७८ बरोबरच ३३ आणि ४५ हे आकडे असतील, तर त्या तबकड्या १९४८ आणि १९४९ मध्ये आल्या हे लक्षात घेऊन यंत्र त्यानंतरचे समजावे.

फळीच्या खालच्या बाजूकडे मी नेहमी सर्वांत जास्त वेळ देतो. मोटरीचे पाय जिथे टेकतात तिथे दशकानुदशकांच्या दाबाने लाकडावर खूण उमटलेली असते, तेलाचे जुने डाग असतात, आणि झाकलेल्या व उघड्या लाकडाच्या रंगांत फरक असतो. मोटर या खुणांवर नेमकी बसली पाहिजे. बाजूला बुजवलेली भोके दिसली, चावीचे भोक मोटरीच्या दांड्याशी रेषेत येत नसेल किंवा ते कानशीने मोठे केलेले असेल, तर ही मोटर या पेटीची नव्हे.

पेटी, सांधे आणि स्क्रू

पेटीचे लाकूड ओक, महोगनी किंवा अक्रोडाचे, काही वेळा भारतात बनवलेल्या पेट्यांत सागवानाचे असते. आतली न रंगवलेली बाजू बाहेरच्या वयाशी जुळली पाहिजे. बाहेर काळपट पॉलिश आणि आत ताजे पिवळे लाकूड ही जोडी बरोबर नसते. भुसा दाबून केलेली फळी आढळली, तर पेटी अलीकडची आहे. स्क्रूंकडेही पाहावे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले, म्हणून त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या यंत्रात ते असतील तर ती नंतरची दुरुस्ती तरी आहे किंवा नंतरची निर्मिती तरी. एकच फुलीचा स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो. सगळेच तसे असतील तर यंत्रच नवे आहे.

ब्रीफकेससारखी मिटणारी प्रवासी पेटी आपल्याकडे सर्वाधिक आढळते. ब्रिटनची डेका पेटी १९१४ मध्ये आली आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांबरोबर खंदकांपर्यंत गेली. ग्रामोफोन कंपनीचा १०१ हा नमुना १९२५ पासून १९३१ पर्यंत बनला. त्यानंतर आलेला १०२ थेट १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिला, म्हणजे "आजोबांच्या लग्नातला" १०२ हा स्वातंत्र्यानंतरचाही असू शकतो. त्यामुळे त्याची योग्यता कमी होत नाही. उलट चांगल्या स्थितीतील १०२ हे चावीच्या यंत्रांपैकी अत्यंत उत्तम घडणीचे यंत्र आहे, आणि बाजारात त्याच्याकडे पाठ फिरवून पितळी कर्ण्याच्या मागे धावणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटते.

जोडून केलेली यंत्रे

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि इंटरनेटवरील विक्रीत चकाकणाऱ्या पितळी कर्ण्याची जी यंत्रे दिसतात, त्यांपैकी फार मोठा भाग अलीकडे जोडलेला असतो. ही यंत्रे भारतात तयार होऊन जगभर गेली आहेत, त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातही तीच भेटतात. अशा यंत्रांत बहुधा एखाद्या मोडीत काढलेल्या प्रवासी पेटीची खरी मोटर, खरी थाळी आणि कधीकधी खरा साउंडबॉक्स असतो. म्हणूनच ते वाजते, आणि त्याच्यावर काही खरी जुनी नावेही सापडतात. नवख्या माणसाची फसगत नेमकी येथेच होते.

ओळखण्याच्या खुणा अशा. पेटी चौकोनी किंवा अष्टकोनी, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या ठोकलेली आणि समोर कुत्र्याची नवी पट्टी किंवा भडक चित्र. कर्णा पातळ पितळी पत्र्याचा, पाकळ्यांच्या सांध्यांवर ओबडधोबड डाख, आणि तोंडाची कड तारेवर नीट वळवण्याऐवजी नुसती दुमडलेली. मागचा कंस खडबडीत ओतीव, त्यावर कानशीचे ओरखडे, आणि टोनआर्म त्यात डगमगणारा. अस्सल यंत्रात हा सांधा इतका सुबक असतो की बोटाच्या हलक्या स्पर्शाने आर्म आवाज न करता फिरतो. टोनआर्मची लांबी चुकीची असल्याने सुई थाळीच्या मध्याच्या फार पुढे किंवा फार अलीकडे जाते. ही शेवटची चाचणी रिकाम्या थाळीवर, चावी न भरताही करता येते आणि ती सहसा चुकत नाही: अस्सल यंत्र बनवणाऱ्याने हे अंतर हिशेबाने ठरवलेले असते, जोडकाम करणाऱ्याने हाताशी असलेली नळी बसवलेली असते.

शोभेसाठी असे यंत्र घेण्यात काहीच गैर नाही. ते घडवणाऱ्यांच्या हाती कसब असते. मात्र किंमत शोभेच्या वस्तूची द्यावी आणि त्यावर मौल्यवान तबकड्या वाजवू नयेत, कारण भलत्या कोनातली, जड आर्मखालची सुई बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका थोड्याच दिवसांत करडी पाडते.

पुरावा एकत्र मांडणे

यंत्राबरोबर आलेल्या तबकड्यांवरून त्याचा काळ ठरवू नये; त्या घरोघर फिरलेल्या असतात. भारतात छापलेली तबकडी १९०८ नंतरची, कारण त्या वर्षी कलकत्त्यात सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला आणि त्यापूर्वीच्या तबकड्या जर्मनीतील हनोव्हरहून छापून येत. पण ही माहिती तबकडीचे वय सांगते, तिच्याखालच्या यंत्राचे नाही.

एक उदाहरण घेऊन सगळे जुळवून पाहू. ओकची पेटी आहे, पट्टीवर ग्रामोफोन अँड टाइपरायटर असे आहे, मागच्या कंसावर निमुळता टोनआर्म आहे, थाळी १० इंची आहे, मोटर फळीवरच्या जुन्या खुणांवर तंतोतंत बसते, चावीचे भोक अखंड आहे, पाकळ्यांच्या कर्ण्याला चुंबक चिकटतो, आणि साउंडबॉक्स मात्र ॲल्युमिनियमच्या पडद्याचा, ५ क्रमांकाचा आहे. टोनआर्ममुळे यंत्र १९०३ नंतरचे ठरते, पट्टीमुळे १९०७ पर्यंतचे. पाकळ्यांचा कर्णा मूळचा असल्यास १९०४ ते १९०७ हा पट्टा अधिक संभवनीय होतो. साउंडबॉक्स सुमारे वीस वर्षांनंतरचा असून विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्या घरी आल्यावर कोणीतरी बदललेला असणार. नोंद करताना "१९०४ ते १९०७, साउंडबॉक्स १९२५ नंतर बदललेला" असेच लिहावे. नेमके एक साल लिहू नये, आणि बदललेला भाग लपवूही नये. हा बदललेला साउंडबॉक्स काढून टाकण्याचीही गरज नाही, कारण तो यंत्राच्या वापराचाच इतिहास आहे. कर्णा किंवा मोटर यांपैकी काही खुणांशी जुळले नसते, तर मात्र कालखंड फक्त पेटीपुरताच लिहावा लागला असता.

ही नोंद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरू शकते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून कमी नसलेल्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे घरचे यंत्र पाठवायचे असेल, तर ते बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे छायाचित्रे, मापे, पट्टीवरील मजकूर आणि वरीलप्रमाणे कारणांसह लिहिलेला कालखंड घेऊन जावे, आणि वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो का ते विचारावे. ३३ आणि ४५ हे आकडे किंवा १०२ सारख्या नमुन्याचा क्रमांक अशा अर्जात स्वतंत्र छायाचित्राने दाखवावेत.